नसलेली शेवटची इच्छा

चामराजपेट, बेंगळूर
ता. १९ जून १९६०

ती. सौ. कावेरीअक्कास,
सा. न. वि. वि.

आज नळाला पाणी उशिरा आले. नऊच्या बसने ह्यांच्या कारखान्याच्या कचेरीत गेले आणि राहिलेल्या कागदांवर सह्या केल्या. ह्यांच्या खात्यातले कृष्णमूर्ती बसपर्यंत सोडायला आले. घरी येऊन भात आणि सार केले. दुपारच्या टपालात प्राणेशचे पत्र होते. त्याला लगेच उत्तर लिहून पेटीत टाकले, आणि आता तुला लिहीत आहे.

ह्यांना जाऊन पाच महिने झाले. मासिक अण्णांनी मैसूरला भीमाचार्यांना बोलावून केले, असे त्यांचे कार्ड आले. आम्हांला मूलबाळ नाही, म्हणून ह्यांचे थोरले भाऊ या नात्याने ते सगळे त्यांनीच पत्करले आहे. मला त्यात काही करावे लागत नाही. मी इथे असते, एवढेच.

आता मुद्द्याचे लिहिते. आपला मामेभाऊ प्राणेश, जो चार वर्षे आमच्याकडे राहून कॉलेजात शिकला आणि ज्याला तू उपद्व्यापी म्हणायचीस, तो तीन वर्षे इथिओपियात गोंदर नावाच्या गावी शाळेत शास्त्र शिकवतो, हे तुला ठाऊक आहे. दर वर्षी तो आम्हां दोघांना बोलवायचा. तिथून काही तासांवर नाईल नदीचा मोठा धबधबा आहे, जुने किल्ले आहेत, समुद्रासारखे तळे आहे, असे लिहायचा. ह्यांना प्रवासाचे नाव नको असे. पाणी पडताना पाहायचे तर न्हाणीघरात पाहा, असे म्हणून ते पत्र माझ्याकडे द्यायचे.

पुढच्या जुलैत प्राणेशची मुदत संपते आणि तो आणि नयना बिऱ्हाड आवरून कायमचे परत येतात. धबधबा पावसाळ्यानंतर भरून असतो, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात. तेव्हा हा ऑक्टोबर शेवटचा. मी त्याला येते म्हणून कळवले आहे.

वर्ष जानेवारीत पुरे होते, हे माझ्या लक्षात आहे. तू रागावशील हेही लक्षात आहे. पण ठरवून मग सांगते आहे, विचारत नाही, म्हणून तुला उत्तराचा त्रास कमी.

मैसूरला तुझ्या कल्पनाचे आणि बाळाचे कसे आहे? भावोजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
हेमलता

*

धारवाड
ता. २५ जून १९६०

चि. हेमलतेस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र तुझ्या भावोजींनी मोठ्याने वाचले आणि मधेच थांबून चष्मा पुसला. मला वाटले, डोळ्यांत पाणी आले. तर म्हणाले, अक्षर हेमलतेचेच आहे ना ते पाहतो. मग नातवंडांचा नकाशा काढून इथिओपिया शोधत बसले. सापडल्यावर म्हणाले की हा तर आफ्रिकेत आहे, आणि माझ्याकडे असे पाहिले की जसा तो तिथे मीच नेऊन ठेवला!

अग बाई, तू लहानपणी दहा वेळा विचारल्याशिवाय गच्चीवर जात नव्हतीस. बाजारातून कोथिंबीर आणायची तरी विश्वेश्वररावांना सांगून जायचीस. आणि आता ठरवून सांगते म्हणे. पाणी पाहायचे तर जोग काय वाईट आहे? आपल्याच मुलखात आहे, बस जाते, मीही येईन. जोगला कोणी नाव ठेवणार नाही. (ठेवतील, पण स्वल्प.)

वर्षाच्या आत घराबाहेर पाऊल, तेही समुद्रापार, तेही नुसते पाहायला. काशी म्हटली असतीस तर लोकांनी वाटेचा डबा करून दिला असता. पाहायला म्हटलेस की संपले. शिवाय पासपोर्टाला जामीन लागतो असे तुझे भावोजी म्हणतात. परदेशी अडकलीस तर परत आणण्याची हमी कोणीतरी द्यायची. ती घरच्या पुरुषाची पाहिजे, म्हणजे अण्णांची. आणि अण्णा म्हणजे निवृत्त झाले तरी अमलदारच. त्यांच्या समोर उभे राहिले की मला अजून शेतसारा थकल्यासारखे वाटते.

पण मी तुझी बहीण आहे. तुला जायचेच आहे, हे तुझ्या दोन ओळींतून कळले. तेव्हा ऐक. विश्वेश्वररावांची शेवटची इच्छा होती, असे म्हण. त्यांनी जाता जाता सांगितले, की प्राणेशकडे जाऊन ये, माझे राहिले. मग वर्ष काय आणि समुद्र काय, कोणी ब्र काढणार नाही. गेलेल्या माणसाची इच्छा अडवण्याची छाती अण्णांनाही नाही. ह्यात कोणाचे नुकसान नाही. तुला बोलता येणार नाही, ते मी जाणते. पुढच्या महिन्यात कल्पनाच्या बाळाचे बारसे आहे, मी परवाच मैसूरला निघते. अण्णा येतीलच. तू काही करू नकोस.

उन्हाळ्यात हाडे झालीस असे कल्पना सांगत होती. दूध पीत जा. जीव लावून आहे, तुझाही असू दे.

तुझी,
अक्का

*

चामराजपेट, बेंगळूर
ता. २९ जून १९६०

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र आज आले. मैसूरला पत्ता माहीत नाही म्हणून धारवाडलाच लिहीत आहे. अण्णांना तसे काही सांगू नकोस. ह्यांची तशी इच्छा नव्हती. मी अण्णांना स्वतः लिहीन, काय लिहायचे ते जुळवते आहे.

काल पासपोर्टासाठी फोटो काढला. फोटोवाल्याने मान सरळ करायला लावली आणि कन्नडमध्ये सांगितले की हसू नका. पाच महिने मी हसले नव्हते, आणि नको म्हटल्यावर हसू आले. त्याला दोनदा काढावा लागला. बाहेर आल्यावर फार वाईट वाटले. घरापर्यंत चालत आले.

शेजारच्या कृष्णाबाईंना कुठून कळले कोण जाणे. वर्ष होऊ द्या, मग हवे तिथे जा, धबधबा काय पळून जातो का, असे म्हणाल्या. त्यांचे बरोबर आहे. धबधबा पळत नाही. प्राणेश जातो आहे, आणि मी आता अठ्ठेचाळीस वर्षांची आहे.

जोग मी पाहीन. पण जोग पाहिला की इथिओपिया पाहिल्यासारखे होत नाही.

बाळाला आशीर्वाद. रागावलीस तरी विसरू नकोस.

तुझी,
हेमलता

*

गोंदर, इथिओपिया
ता. ८ जुलै १९६०

ती. हेमलताअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे येते हे पत्र नयनाने तीनदा वाचले आणि मग मला विचारले की ही तीच अक्का ना, जी म्हैस रस्त्यात असली तर गल्ली बदलते? मी म्हटले तीच. तर म्हणाली, इथे गाढवे आहेत, कळवून ठेवा. म्हणून कळवतो: गाढवे पुष्कळ आहेत. वाट देतात.

मुंबईहून बोटीने एडन, तिथून दुसऱ्या लहान बोटीने मासावा बंदर. मासावाला मी धक्क्यावर उभा असेन, छत्री घेऊन, कारण तिथे ऊन फार. पुढे डोंगर चढून अस्मारा, आणि तिथून बसने दोन दिवसांत गोंदर. गोंदर उंचावर आहे. संध्याकाळी शाल लागते. बेंगळूरच्या माणसाला घरच्यासारखे वाटेल.

जेवणाची काळजी नको. इथली माणसे बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, म्हणजे मांस, दूध, अंडे काही नाही, नुसती डाळ-भाजी. त्या दोन दिवशी तू कुठेही जेवू शकतेस. आंबवलेल्या पिठाचा ताटाएवढा मऊ डोसा करतात, आंबट असतो. पहिल्या दिवशी तुला आवडणार नाही आणि चौथ्या दिवशी तू कृती विचारशील. कॉफी आणू नकोस. कॉफी ह्यांच्याकडूनच जगात गेली असे हे सांगतात, आणि पहिली वाटी प्यायल्यावर वाद घालावासा वाटत नाही. हिंग मात्र आण. मेतकूट आण. नयना म्हणते, मेतकूट दोनदा लिही.

धबधब्याला इथे तिस अबाय म्हणतात, म्हणजे अबाय नदीचा धूर. खेड्यापासून पुढे चालावे लागते, चिखल असतो. चपला नकोत, बूट घे.

दादा गेल्यावर मला येता आले नाही. चार वर्षे त्यांच्या ताटाला ताट लावून जेवलो. ह्याविषयी लिहायला बसतो आणि गाढवांविषयी लिहून उठतो. तू ये. धाकट्यावर लोभ आहे, तो घेऊन ये.

तुझा,
प्राणेश

*

मैसूर
ता. २० जुलै १९६०

चि. गं. भा. हेमलता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

कल्पनाच्या बाळाच्या बारशात सौ. कावेरीबाईंची भेट झाली. त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी पंगतीतून उठलो नाही इतकेच. चि. विश्वाने शेवटच्या वेळी तुला इथिओपियास जाऊन येण्यास सांगितले, आणि तू संकोचाने आम्हांस बोलली नाहीस, असे त्या म्हणाल्या. तू का बोलली नाहीस ते मी समजतो. वर्ष पुरे व्हायचे आहे, लोक काय म्हणतील, अण्णा काय म्हणतील. मुली, माझ्या भावाची इच्छा आहे ती मला सांगायला तू का भ्यावेस?

भीमाचार्यांना विचारले. गेलेल्याच्या इच्छेस वर्षाची आडकाठी नाही, असे ते म्हणाले. कावेरीबाईंनी जामिनाचे छापील कागद आणले होते. त्यांवर सही-शिक्का करून ह्यासोबत पाठवीत आहे.

आणखी एक. श्रीरंगपट्टणला अस्थी सोडल्या तेव्हा थोड्या काशीकरिता मागे ठेवल्या होत्या. त्या भीमाचार्यांच्या मठाबाहेर झाडाला बांधून आहेत. माझ्याने काशी होईल असे दिसत नाही. ती नदी विश्वाच्या मनात होती तर तिथेच त्या जाव्यात, असे मला वाटते. मी त्या घेऊन पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बेंगळूरास येतो. तू बरोबर ने, आणि त्याच्या नावाने सोड. कोणता मंत्र म्हणायचा ते भीमाचार्य लिहून देणार आहेत.

माझा धाकटा भाऊ अरसीकेऱ्याच्या पुढे जायचे तर आपली उशी घेऊन जायचा. त्याच्या मनात आफ्रिकेची नदी! मी दोन रात्री हेच मनात घोळवतो आहे.

प्रकृतीस जपावे. आम्हां म्हाताऱ्यांवर कृपा असू द्यावी.

तुझा,
नरसिंहराव

*

चामराजपेट, बेंगळूर
ता. २३ जुलै १९६०

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र काल आले. आपण अस्थी घेऊन येऊ नयेत, म्हणून हे लगेच लिहीत आहे.

ह्यांची तशी काही इच्छा नव्हती. अक्काने ते मला मदत व्हावी म्हणून सांगितले. मी नको म्हणून तिला लिहिले, ते पत्र धारवाडला गेले आणि ती तेव्हा मैसूरला होती. तिच्यावर रागावू नये. तिचा जीव माझ्यावर आहे आणि तिला वाटते की मला बोलता येत नाही. ते खरेही आहे.

त्या सकाळी काय झाले ते मी आपल्याला नीट सांगितले नव्हते. हे दाढीला बसले होते. पाणी कोमट आहे, जरा कढत आण, असे म्हणाले. मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा संपले होते. शेवटचे बोलणे ते एवढेच, पाण्याचे. मला काही सांगितले नाही, मागितले नाही. प्राणेशच्या पत्रांना हे हसायचे, आणि मीही बरोबर हसायची.

जायचे आहे ते मला. ह्यांच्यासाठी नाही आणि पुण्यासाठी नाही. प्राणेशच्या प्रत्येक पत्रानंतर मला ते पाहावेसे वाटायचे, आणि घरात आम्ही दोघे होतो तेव्हा ते मनात ठेवणे मला जड गेले नाही. ह्यांना सोडून जावे असे कधी वाटले नाही. आता सोडून जाण्यासारखे कोणी नाही. हे लिहायला मला लाज वाटते, पण असे आहे.

ह्यांच्या अस्थी मी ह्यांना ठाऊक नसलेल्या नदीत सोडणार नाही. ह्यांना अनोळखी गावी झोप लागत नसे.

जामिनाचे कागद परत पाठवते. आपण त्यांवर दुसऱ्याच कारणासाठी सही केली होती. नवे कोरे कागद सोबत जोडले आहेत. खरे कारण कळल्यावर सही करावीशी वाटली तर करावी. वाटली नाही तर मी कारखान्यातल्या कृष्णमूर्तींना विचारेन. ते देतील असे वाटते. पण परक्याची सही घेऊन जाणे मला आवडणार नाही, आणि आपल्याला न सांगता तर मी जाणारच नाही. आपली सही नसली तरी जाईन, हेही आताच सांगते, म्हणजे नंतर फसवल्यासारखे होणार नाही.

पत्रात कमी-जास्त लिहिले असल्यास क्षमा असावी. आजवर लेकीसारखे पाहिलेत, तसे पाहावे.

आपली,
हेमलता

*

धारवाड
ता. ४ ऑगस्ट १९६०

चि. हेमलतेस आशीर्वाद. (आज एकच. बाकीचे तुझ्या वागण्यावर.)

अण्णांचे मला कार्ड आले. त्यात मजकूर नाही म्हटले तरी चालेल. आपण सांगितलेली हकीकत खरी नसल्याचे समजले, बाळ सुखरूप असेल, नरसिंहराव. बस्स. इतक्या वर्षांत मला कोणी असे मोजून बोलले नव्हते. तुझे भावोजी म्हणतात, ते कार्ड फ्रेम करून दारावर लाव.

सही झाली होती, हेमलते! शिक्कासुद्धा मारलेला! हातात आलेले कागद कोणी परत पाठवतात का? तू लहानपणी चिंचा चोरायला आमच्याबरोबर यायचीस आणि मग माळ्याला जाऊन सांगायचीस, त्यातलाच हा प्रकार. अस्थींचे मात्र तुझे पत्र येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. तिथपर्यंत जाईल असे मला वाटले नव्हते. मला वाटले, अण्णा हुं म्हणतील आणि सही करतील. ते इतके भरून येतील हे कोणाला माहीत?

आता काय करणार? अण्णांचे उत्तर आले का? नसेल तर तुझे भावोजी जामीन राहायला तयार आहेत. मी विचारले नाही, आपणहून म्हणाले. पाणी पाहायला जाते आहे, चंद्रावर नाही, असे म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, चंद्रावर जाणारे कोणी असेल तर त्यालाही राहीन म्हणाले. तेव्हा मोठ्याने हसले ते.

कान धरते. तूही एकदा धर, म्हणजे फिटले. लोभ कमी करू नकोस, इथे आधीच टंचाई आहे.

तुझी,
अक्का

*

मैसूर
ता. २६ ऑगस्ट १९६०

चि. हेमलता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आले त्या दिवशी वाचून बाजूला ठेवले. उत्तरास उशीर झाला तो कामामुळे नव्हे. मी रागावलो होतो.

राग कशाचा, ते मला बरेच दिवस उमगले नाही. तू जाते आहेस ह्याचा वाटला. नंतर कावेरीबाईंचा वाटला. तो त्यांचा नव्हे. विश्वा माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. त्याला सायकल मी शिकवली, त्याची मुंज मी उभा राहून केली, वडील गेल्यावर त्याच्या शाळेच्या कागदांवर पालक म्हणून माझी सही. त्याच्याविषयी मला ठाऊक नाही असे काही नव्हते. आणि बारशाच्या पंगतीत मला कळले की त्याच्या मनात एक नदी होती. गेलेल्या माणसाचे नवे काही मिळत नाही, मुली. मला मिळाले होते. मी घरी येऊन नकाशा पाहिला. फिरायला निघालो की त्याच्याशी त्या नदीविषयी बोलायचो. ते तू परत घेतलेस. खरे बोललीस म्हणून घेतलेस हे कळते. तरी घेतलेस.

ह्या महिन्याचे मासिक झाल्यावर भीमाचार्यांना घेऊन श्रीरंगपट्टणला गेलो आणि राहिलेल्या अस्थी कावेरीत, पश्चिमवाहिनीच्या घाटावर, सोडल्या. काशी नको. त्याला गाडी बदलणे आवडत नसे.

वर्षाच्या आत जाणे मला पटत नाही. पटले असे लिहिणार नाही, कारण तू मला खोटे लिहिले नाहीस. भीमाचार्यांनाही पटत नाही. परंतु कागदांवर सही केली आहे व सोबत पाठवीत आहे. गेल्या खेपेस मी ती माझ्या भावासाठी केली होती. ह्या खेपेस तुझ्यासाठी केली. अमलदारीत हजारो सह्या केल्या, त्यांतल्या बहुतेक न वाचता. ही वाचून केली.

मासिके चालू राहतील. त्यांची काळजी करू नकोस.

तिकडून मला पत्र लिही. काय पाहिलेस ते लिही. विश्वा असता तर काय म्हणाला असता, ते लिहू नकोस. ते मला इथे बसून कळते.

सुखरूप जावे, सुखरूप यावे. ह्या घरावर जीव असू द्यावा.

तुझा,
नरसिंहराव

*

मुंबई
ता. २७ सप्टेंबर १९६०

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

उद्या बोट सुटते. अक्का आणि भावोजी पोचवायला आले आहेत. अक्का खलाशांना बोटीचे वय विचारते आहे.

आपले पत्र आल्यापासून एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करत होते. लिहिते. ही आपल्याला ठाऊक नसेल, कारण ह्यांनी ती मलाही सांगितली नव्हती. शनिवारी संध्याकाळी मी मारुतीच्या देवळात जायची, तेव्हा हे स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायचे आणि स्वतःपुरती एक पोळी लाटायचे. साखर-तूप लावून खायचे. मग पोळपाट, तवा सगळे घासून जागच्या जागी ठेवायचे आणि पेपर घेऊन बसायचे. मला कळायचे, कारण कोपराला पीठ राहायचे. पोळी कशी होत होती ते देव जाणे. मी कधी विचारले नाही, देवळात मात्र जरा जास्त वेळ बसायची. हे बरीच वर्षे चालले.

हे खरे आहे. ह्यात अक्काचा हात नाही.

आशीर्वाद असावेत.

आपली,
हेमलता

*

गोंदर, इथिओपिया
ता. २३ ऑक्टोबर १९६०

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

प्रवास बरा झाला. बोटीत दोन दिवस डोके वर करता आले नाही, मग आले. मासावाला प्राणेश छत्री घेऊन उभा होता. नयनाने मेतकुटाची बरणी माझ्या हातातून घेतली आणि नमस्कार नंतर केला.

गोंदरचे किल्ले पाहिले. दगडी आहेत, आत कोणी नाही, गवत वाढले आहे, त्यात पिवळी फुले आहेत. तळे पाहिले. लव्हाळ्याच्या होड्या करतात, एका माणसापुरत्या, सुपासारख्या. पाण्यात राहून त्या भिजतात, मग उन्हात उभ्या करून वाळवतात.

काल धबधबा पाहिला. आपण काय पाहिलेस ते लिही म्हणाला होतात, म्हणून लिहिते. मला नीट लिहिता येईल असे वाटत नाही. खेड्यात गाडी ठेवून पुढे चालावे लागले. एक जुना दगडी पूल आहे, मग चढ. चिखल फार होता. एक बाई लाकडांची मोळी घेऊन चालली होती. तिने मोळी खाली ठेवली आणि माझा हात धरून मला वर नेले. तिच्या कपाळावर क्रूस गोंदवलेला होता. तिने माझ्या कपाळाकडे बोट करून काही विचारले. प्राणेशने सांगितले की, इथे काही का नाही, असे विचारते आहे. मी म्हटले, तिला सांग नवरा गेला. तिने आपल्याकडे बोट करून मान हलवली, म्हणजे तिचाही. मग पदरातले भाजलेले जव माझ्या हातावर घातले आणि खाली जाऊन मोळी उचलली.

आवाज आधी येतो. पायांखालची जमीन हलते. नंतर धूर दिसतो, म्हणून ते नाव. मग एकदम समोर येते. मी इतकी वर्षे मनात पाणी पांढरे धरले होते. ते पांढरे नव्हते. चहाच्या रंगाचे होते, तांबूस, फार रुंद, आणि एका वेळी सगळीकडून पडत होते. खाली पडल्यावर पांढरे होत होते. इंद्रधनुष्य होते, ते जायचे आणि पुन्हा यायचे. तुषारांनी तोंड आणि कपडे भिजले. प्राणेश आणि नयना जेवायला सावलीत गेले. मला बोलावले, मी नंतर येते म्हटले.

मी दगडावर बसून पाहिले. पाहताना मला कोणाचीही आठवण झाली नाही. ह्यांचीही नाही. आपल्याला खरे लिहायचे, म्हणून हे लिहिणे भाग आहे. परत निघताना चढ उतरायला लागले तेव्हा आठवण झाली, आणि पूल येईपर्यंत राहिली. आपण लिहू नकोस म्हणालात ते लिहीत नाही.

मला आणखी पाहायचे आहे. पूर्वेला एका गावी अखंड खडकात कोरलेली देवळे आहेत. शेवटची वाट खेचरावरून आहे. प्राणेश नको म्हणतो, मी हो म्हटले आहे. तेव्हा परतायला आठवडाभर उशीर होईल, अक्काला मी कळवले आहे.

प्रकृती जपावी. भीमाचार्यांना नमस्कार. आपले छत्र राहू द्यावे.

कालच्या चिखलाचे डाग साडीच्या काठाला राहिले आहेत. सकाळपासून भिजत घातली आहे. आता मागच्या दारी जाऊन ती चोळते आणि दोरीवर वाळत घालते.

आपली,
हेमलता